डोंगरावरचा बुधवार

पहाटे साडेपाच

आषाढ लागला की जोतिबाच्या वाडी रत्नागिरीवर धुकं असं बसतं, की गल्लीतून जाणारं माणूस आवाजावरून ओळखावं लागतं. देवळाकडून घंटा ऐकू येते, कुणीतरी "चांगभलं" म्हणत पायऱ्या उतरत असतं. आमचं दुकान याच वाटेवर आहे. नारळ, खोबरं, गुलाल, दवणा आणि जोतिबाच्या तसबिरी विकतो. रविवार देवाचा वार, त्या दिवशी मान वर करायला सवड नसते. बुधवारी मात्र गिऱ्हाईक तुरळक असतं, आणि अमेरिकेतल्या कॉमिकच्या दुकानांत नवे अंकही बुधवारीच लागतात. म्हणून परीक्षणाचं काम मी या दिवसावर टाकलं आहे. एका मासिकासाठी मी सुपरहिरोंच्या नव्या कॉमिक्सवर लिहिते. गावात हे कळलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "चित्राची पुस्तकं वाचायचं पैसं देत्यात व्हय गं?" देतात. बेताचे देतात.

साडेसहा

पहिलं वाचन मुक्यानं. संवादाचे फुगे, चौकटीतलं निवेदन, काही वाचायचं नाही. टॅब्लेटवर पानं फक्त बघत जायचं. गोष्ट कळली पाहिजे. निदान कोण कुणाला घाबरतंय आणि कोण खोटं बोलतंय, एवढं तरी. आज 'ॲब्सोल्यूट बॅटमन'चा पहिला खंड आहे. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा, पहिला अंक ऑक्टोबर २०२४ चा. ड्रॅगोटा या मुक्या परीक्षेत सहज पास होतो. एका पानावर बारीक बारीक चौकटींची गर्दी करतो, नजर धावत सुटते, आणि पान उलटलं की समोर पानभर तो अवाढव्य बॅटमन. जपानी मांगा-शैलीचा हात दिसतो, पण उसना वाटत नाही.

आठ

दुकान उघडायचं. दादा नारळ रचतो, मी तसबिरी पुसते. तसबीर निवडणारं माणूस बघण्यासारखं असतं. आधी घोडा बघतात, मग तलवार, मग देवाची नजर आपल्याकडे आहे का ते. जोतिबाच्या चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि अमृतपात्र. देवळात पूजा कधी उभी बांधतात, कधी बैठी, नवरात्रात कमळातली. वस्त्रं, दागिने बदलतात. तरी लांबून आलेली म्हातारी उंबऱ्यातूनच हात जोडते. त्या खड्गामागे रत्नासुराच्या वधाची कथा आहे, म्हणून ते नुसतं शोभेचं राहत नाही. कॉमिकमधल्या वेशाला मी हाच प्रश्न विचारते: अंगावर हे जे चढवलंय, त्याला काही काम आहे का?

साडेनऊ

आता शब्दांसकट वाचन. दिवसातला सगळ्यात मोठा वेळ इथंच जातो.

जुन्या नायकाचा नवा अवतार काढायची सध्या साथ आहे. बऱ्याचदा बदलतो फक्त पोशाख. पहिल्या दहा पानांनंतर नायक तेच करत असतो, जे आधीची ऐंशी वर्षं करत होता. स्नायडरनं मुळाला हात घातला आहे. या ब्रूस वेनकडे इस्टेट नाही. वडील शाळामास्तर, मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना गोळीबारात मेले. आई जिवंत आहे. हा दिवसा शहरासाठी इंजिनिअरची नोकरी करतो. मग पैसा नसलेला माणूस हत्यारं आणणार कुठून? तो ती अंगावरच वागवतो. छातीवरचं वटवाघूळ निघतं आणि त्याची कुऱ्हाड होते, कानांचे सुरे होतात. वेश असा गोष्टीतून आला की मला कौतुक करायला शब्द शोधावे लागत नाहीत. आई जिवंत ठेवणं तर त्याहून धाडसाचं. रात्री मार खाऊन आलेल्या मुलाला आता कुणाला तरी तोंड दाखवायचं आहे.

तक्रारीही आहेत. या अवतारात आल्फ्रेड ब्रिटिश गुप्तहेर आहे, आणि त्याचं निवेदन चित्रावर चढतं. ड्रॅगोटानं जे दाखवून झालं, तेच हा बाबा पुन्हा सांगतो. शिवाय प्रत्येक अंकात मारामारी आधीच्यापेक्षा मोठी हवीच, असा हट्ट दिसतो. मला सगळ्यात भावला तो चौथा अंक, गॅब्रिएल हर्नांडेझ वाल्टा यानं काढलेला. चित्रकार बदलला की वाचक कुरकुरतात, पण तिथं गोष्ट मागे, लहानपणाकडे जाते, आणि वाल्टाची मऊ, थकलेली रेघ त्या आठवणींना शोभते.

बारा

भाकरी, घेवड्याची आमटी. वीज गेली.

एक

वीज नाही, पण टॅब्लेटमध्ये जीव आहे. 'ॲब्सोल्यूट वंडर वूमन': लेखिका केली थॉम्प्सन, चित्रं हेडन शर्मन, रंग जॉर्डी बेलेअर. २०२५ साली उत्कृष्ट नव्या मालिकेचं आइसनर पारितोषिक हिला मिळालं. ही डायना ॲमेझॉनांच्या बेटावर वाढलेली नाही. तान्ही असताना तिला नरकात टाकलं, आणि सर्सी या चेटकिणीनं वाढवलं. तिचा उडता घोडा म्हणजे नुसता हाडांचा सापळा. हे वाचून वाटेल की पोरगी क्रूर निघणार. ती निघते मायाळू, आणि तीच या गोष्टीची कमाल. एका माणसाला नरकातून सोडवायला ती आपला हात देऊन टाकते. त्याग तोंडानं सांगणारे नायक पुष्कळ आहेत. इथं तो पुढच्या प्रत्येक चित्रात तिच्या अंगावर दिसत राहतो. शर्मन चौकटी सरळ ठेवतच नाही, तरी नजर कुठं अडखळत नाही. हे फार अवघड काम आहे.

तीन

निपाणीकडची मंडळी आली, गुलाल-खोबरं गेलं. मधल्या वेळात 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'. लेखक हिकमनचा पीटर पार्कर तिशी ओलांडलेला, बायको-मुलं असलेला. घरातली संभाषणं झकास, चित्रकार चेकेट्टोचे चेहरे त्याहून झकास. पण दर अंकात गोष्ट एक महिना पुढे सरकते, त्यामुळं महत्त्वाच्या घटना कधीकधी दोन अंकांच्या मधेच घडून जातात. पुढचा खंड आल्यावर बघू.

पाच

पुतणी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि "आत्या, मी बघतो की आधी" म्हणत टॅब्लेट ओढला. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात. तिला इंग्रजी फुगे झेपत नाहीत, म्हणूनच ती माझी पक्की परीक्षक. मी पान दाखवून विचारते, काय झालं सांग. बॅटमनच्या एका हाणामारीवर ती म्हणाली, "कोण कुणाला मारालंय कळंनाच." ते वाक्य मी लेखात घेतलं.

तिचे आजोबा मराठी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले. १९६४ ला सुरू झालेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली, पण वेताळाचे अंक अजून पेटीत आहेत. चित्रं पाहायला ते तिथं शिकले. हिंदीतल्या नागराजाची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची होती, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

सात

लिहायला बसते. लेखकाबरोबर चित्रकाराचं नाव सगळेच देतात. मी रंग भरणाऱ्याचं आणि अक्षरं मांडणाऱ्याचंही देते. फुगा कुठं ठेवला यावर पानाचा वेग ठरतो. या कामात नावाजलेले आदित्य बिडीकर पुण्याचे, आणि मुंबईत जन्मलेला राम व्ही तर बॅटमनच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चाही लेखक होता. मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं.

साडेनऊ

लेख पाठवला. संपादक तारे मागतात, मी देत नाही. त्याऐवजी शेवटी एक ओळ असते. या महिन्याची ही: एकच पुस्तक परवडणार असेल तर 'ॲब्सोल्यूट वंडर वूमन'चा पहिला खंड विकत घ्या, आणि बॅटमन कुणा मित्राकडून मागून वाचा, चौथा अंक मात्र दोनदा.