मैदान सोडू न देणारा माणूस

२०१६च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताच्या महिला खो-खो संघानं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा संघाची कर्णधार होती उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, सारिका काळे. त्याच वर्षी या मुलीनं खेळ कायमचा सोडायचं ठरवलं होतं. कारण दुखापतीचं नव्हतं, पैशाचं होतं. घरची ओढाताण संपत नव्हती.

तिचे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती परत मैदानावर आली. २०२०मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा जाधवांनी पत्रकारांना हा प्रसंग सांगितला आणि तिच्या कारकिर्दीला वळण इथंच लागलं, असं सांगितलं. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. राज्याच्या आणि देशाच्या खो-खो संघटनांत जाधवांनी पदं सांभाळली आहेत. पण त्यांचं मोठं काम कुठलं, असं विचारलं तर मी या समजूत काढण्याकडे बोट दाखवीन.

प्रशिक्षकाचं यश मोजायची जगाची रीत वेगळी आहे. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघाला रस रोझ यांनी १९७९ ते २०२१ अशी ४३ वर्षं शिकवलं. १,३३० विजय, ७ राष्ट्रीय विजेतेपदं, सलग १०९ सामने न हरण्याचा पराक्रम, असा त्यांचा हिशेब आहे. हे आकडे थक्क करणारे आहेत, पण त्यामागे शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृह आहे, डॉक्टर आहे, पोटभर जेवण आहे. रोझ यांच्या खेळाडूला उद्या सरावाला यायचं की नाही हे घरच्या चुलीवर ठरत नव्हतं. सारिकानं मात्र सांगितलं आहे की जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं. आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. तेराव्या वर्षी मामांनी तिला मैदानावर नेलं नसतं, तर ही गोष्ट सुरूही झाली नसती.

मराठवाड्याच्या या कोपऱ्यात खो-खो का रुजला असावा, याचं उत्तर फारसं गूढ नाही. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. नीती आयोगाच्या २०१८च्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातल्या ज्या चार जिल्ह्यांची नावं होती, त्यांत उस्मानाबाद होता. व्हॉलीबॉलला निदान जाळी आणि बरा चेंडू लागतो. खो-खोला दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि सपाट माती पुरते. साहित्य स्वस्त, पण कसब मात्र महाग.

मैदानात आठ जणी आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. पाठलाग करणारीला एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. खांबाला वळसा घातला तरच बाजू बदलते. खो पाठीमागूनच द्यायचा, स्पर्श आणि आवाज एकदमच हवेत. पळणाऱ्या तिघींच्या तुकडीला या बंधनांपैकी एकही नाही. त्यामुळे एकटीच्या वेगानं गडी बाद होत नाही. पळणारीला कोंडीत पकडण्यासाठी नऊ जणींना एकच डाव दिसावा लागतो. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, गोल पळती, खांबाजवळचा सूर, ही नावं पाठ व्हायला एक दिवस पुरतो. अंगात मुरायला वर्षं लागतात. म्हणजे मुलगी वर्षानुवर्षं मैदानावर यायला हवी. आणि नेमकं तेच इथं अवघड आहे.

दहावी झाली की लग्नाची बोलणी सुरू होतात. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब मुलीला मागं ठेवायला तयार नसतं. मॅच बाहेरगावी असली की सोबत कोण, हा प्रश्न येतो. अशा वेळी सरांना शिट्टी बाजूला ठेवून मुलीच्या घरी, ओसरीवर बसून बोलावं लागतं. या बोलण्याचे गुण कुठल्याही गुणपत्रिकेत लागत नाहीत.

सारिका पुढं शासनाच्या सेवेत आली. २०२०मध्ये ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एकाच जिल्ह्यातून अर्जुन पुरस्काराची मानकरी निघते आणि पाच वर्षांत विश्वविजेत्या संघात दुसरी उभी राहते, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. एक मुलगी टिकली की शेजारच्या घरात तिचं उदाहरण द्यायला मिळतं. ‘खेळून काय होतंय?’ या प्रश्नाला नाव-गावासकट उत्तर तयार असतं.

ते उत्तर लोहाऱ्यापर्यंत पोचलं आहे का, हे मात्र तपासायला हवं. जिल्ह्याच्या आग्नेयेचा हा छोटा तालुका. सास्तूर याच तालुक्यात, ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानं उद्ध्वस्त झालेलं आणि नव्यानं वसवलेलं. इथल्या मुलीला जिल्ह्याच्या मैदानावर रोज सरावाला जाणं परवडणार नाही. तिला शिकवणारं माणूस गावातच लागेल. पण शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त पट असेल तिथंच अर्धवेळ शारीरिक शिक्षण निदेशकाची तरतूद केली आहे. वाडी-वस्तीची शाळा या आकड्याच्या आतच राहते. जिथं घर रिकामं आणि रस्ता लांब, तिथंच सरांची गरज जास्त, आणि तिथंच सर मिळायची हमी कमी.

आपण एखाद्या गुणी प्रशिक्षकाचा सत्कार करतो आणि जिल्ह्याचं क्रीडाधोरण त्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होतो. जाधवांनी एका कर्णधाराची समजूत काढली, कारण ते तिथं होते. दुसऱ्या गावात, दुसऱ्या मुलीनं खेळ सोडायचं ठरवलं तर तिथं कोण असेल? या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या निष्ठेवर सोडणं बरोबर नाही. प्रत्येक तालुक्याला पूर्ण पगाराचा प्रशिक्षक आणि सरावानंतर मुलींना जेवण, एवढी मागणी या कारकिर्दीतून सरळ निघते. ती मान्य झाली, तर चंद्रजित जाधव यांचा वारसा जिल्ह्यात रुजला असं म्हणता येईल.