अल्पखर्चिक गृहबांधणी (लॉरी बेकर पद्धत)

लॉरी बेकर पद्धत ही प्रत्येक कुटुंबाच्या गरजेनुसार स्वतंत्र आराखडा करून कमी खर्चात पक्के घर बांधण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेले भारतीय वास्तुविशारद लॉरी बेकर (२ मार्च १९१७ – १ एप्रिल २००७) यांनी ती प्रामुख्याने केरळमध्ये विकसित केली. हलक्या प्रतीचे साहित्य वापरण्याऐवजी अनावश्यक साहित्य वगळून बचत करणे, हे तिचे मूलसूत्र आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना बेकर जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले होते. तेथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या (सुमारे ८ किलोमीटर) परिसरातच मिळावे, या गांधींच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे पिठोरागढ येथील वास्तव्यात त्यांनी स्थानिक बांधकाम परंपरांचा अभ्यास केला. या तत्त्वानुसार योग्य साहित्य प्रदेशागणिक बदलते; उदाहरणार्थ, कोकण व गोव्यात जांभा दगड सहज उपलब्ध होतो.

आराखडा

खर्चाचा मोठा भाग आराखड्यातच ठरतो. १०० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या २० × ५ मीटर आयताकृती घराच्या बाह्य भिंतींची लांबी ५० मीटर भरते. चौरस घरासाठी ती ४० मीटर, तर वर्तुळाकार घरासाठी सुमारे ३५.४ मीटर असते. जमिनीचा उतार आणि जागेवरील झाडे कायम ठेवून रचना केल्यास खोदकाम व भराव कमी होतो.

बांधकाम तंत्रे

रॅट ट्रॅप बाँड: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्याने भिंतीत पोकळी राहते. त्यामुळे सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि उष्णतारोधन होते.

फिलर स्लॅब: काँक्रीटच्या छतातील खालच्या, ताण सहन न करणाऱ्या काँक्रीटच्या जागी मंगळुरी कौले घातली जातात. त्यामुळे सिमेंट वाचते व छताचे वजन घटते.

जाळी: काही खिडक्यांऐवजी वीटकामातच छिद्रे ठेवून प्रकाश व वारा घेतला जातो.

याशिवाय लिंटेलऐवजी विटांच्या कमानी, चौकटीविना दारे आणि गिलावा न केलेल्या भिंती यांचाही वापर होतो.

प्रसार व मर्यादा

बेकर यांनी सामान्य वाचकांसाठी रेखाटनांसह सोप्या पुस्तिका लिहिल्या. त्यांत खर्च कमी करण्याचे उपाय दिले आहेत. १९८५ साली केरळमध्ये स्थापन झालेली कॉस्टफोर्ड ही संस्था या पद्धतीने बांधकाम करते. १९९० मध्ये बेकर यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.

या तंत्रांना कुशल गवंडी व एकसारख्या आकाराच्या चांगल्या विटा लागतात. भूकंपप्रवण क्षेत्रात भिंतींना मजबुतीकरण आवश्यक असते. त्यामुळे तयार नकाशा जसाच्या तसा न वापरता जागेची माती, पाऊस व उपलब्ध साहित्य पाहून अभियंत्याच्या सल्ल्याने त्यात बदल करावे लागतात.