मनोरा पडला, शर्यत राहिली : फ्रँकफर्टच्या १ मेच्या सायकल शर्यतीची गोष्ट

१ मे म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आठवतो. जर्मनीतही त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते. मात्र फ्रँकफर्ट आणि आसपासच्या गावांतल्या लोकांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९६२पासून या दिवशी तिथे सायकल शर्यत होते. जगातले नामवंत सायकलपटू शहरातून निघून डोंगर चढतात आणि संध्याकाळच्या आत शहरात परततात. आज ही शर्यत ‘एशबोर्न-फ्रँकफर्ट’ नावाने ओळखली जाते. पण तिचे मूळ नाव वेगळे होते आणि ज्या इमारतीवरून ते पडले, ती इमारतही आता उभी नाही. नाव गेले, पुरस्कर्ता गेला, देशात सायकलिंगची बदनामी झाली, तरी ही शर्यत का टिकली?

बिअरच्या मनोऱ्यावरून नाव

फ्रँकफर्टच्या झाक्सेनहाउझेन भागात हेनिंगर ही बिअर बनवणारी कंपनी होती. बिअरसाठी लागणारे सातू साठवायला तिने १२० मीटर उंचीचे काँक्रीटचे कोठार बांधले. त्यात सुमारे १६ हजार टन धान्य मावत असे. एवढ्या उंचीचा उपयोग करून वरच्या टोकाला गोल फिरणारे उपाहारगृहही काढण्यात आले. १९६१च्या मे महिन्यात हा मनोरा लोकांसाठी खुला झाला आणि लवकरच शहराची खूण बनला.

हेरमान आणि एरविन मोस या दोन भावांनी पुढच्याच वर्षी व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू केली. हेनिंगर कंपनीने पैसा पुरवला, म्हणून शर्यतीचे नाव पडले ‘रुंड उम डेन हेनिंगर टुर्म’, म्हणजे ‘हेनिंगर मनोऱ्याभोवती’. कंपनीला नव्या मनोऱ्याची जाहिरात हवी होती आणि मोस बंधूंना शर्यतीसाठी पैसा. पहिल्या वर्षी बेल्जियमचा आर्मां डेस्मेट जिंकला. दुसऱ्या वर्षी जर्मनीच्या हान्स युंकरमानने बाजी मारली. १९७०मध्ये जर्मनीचा माजी विश्वविजेता रुडी आल्टिग आणि १९७१मध्ये बेल्जियमचा एडी मेर्क्स जिंकला. सर्वकाळातला सर्वोत्तम सायकलपटू म्हणून मेर्क्सचे नाव घेतले जाते. दहा वर्षांच्या आत असा विजेता मिळाल्यावर शर्यतीचा दबदबा वाढला.

जर्मनीतली ही सर्वांत जुनी शर्यत मात्र नव्हे. कोलोनभोवतीची ‘रुंड उम क्योल्न’ १९०८पासूनची आहे.

एक दिवसाची शर्यत म्हणजे काय?

‘टूर द फ्रान्स’सारखी शर्यत तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा होतो आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. एखादा दिवस वाईट गेला, तर दुसऱ्या दिवशी भरपाई करता येते. एक दिवसाच्या शर्यतीत ती सोय नाही. साधारण २०० किलोमीटर, पाचेक तास आणि जो पहिला रेषा ओलांडेल तो विजेता. चाक पंक्चर झाले, वळणावर घसरला किंवा चुकीच्या क्षणी मागे राहिला, तर वर्षभर थांबायचे.

यात वाऱ्याचा खेळ मोठा असतो. पुढचा सायकलपटू वारा कापतो, त्यामुळे मागच्याला बरीच कमी ताकद लागते. म्हणून बहुतेक जण घोळक्यात राहतात. एकट्याने पुढे पळणाऱ्याला घोळका बहुधा गाठतोच. घोळका फुटतो तो चढावर. तिथे वेग कमी होत असल्याने वाऱ्याची ओट उपयोगी पडत नाही आणि ज्याच्या पायात दम आहे तोच पुढे सरकतो.

फ्रँकफर्टच्या शर्यतीची रंगत इथेच आहे. शहराच्या वायव्येला टाउनुस डोंगररांग आहे आणि फेल्डबर्ग हे तिचे सर्वांत उंच शिखर सुमारे ८८० मीटरचे आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. विक्रमगडकडून घाट चढून जव्हारला आलेल्या सायकलस्वाराने फेल्डबर्गची उंची त्याच्या जवळपास दुप्पट धरावी. मामोल्सहाइन गावातला चढ लांबीने छोटा, पण काही ठिकाणी २० टक्क्यांहून तीव्र आहे. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २० मीटरपेक्षा जास्त वर चढायचे. शेवटचा भाग मात्र शहरातला, सपाट. चढावर तरबेज असलेले सायकलपटू डोंगरात आघाडी घेतात, वेगवान धावपटूंसारखे ‘स्प्रिंटर’ त्यांना सपाटीवर गाठू पाहतात. दरवर्षी प्रश्न एकच असतो, आघाडी टिकणार की घोळका गाठणार?

स्प्रिंटरांचे पारडे बऱ्याचदा जड ठरले आहे. जर्मनीचा एरिक त्साबेल १९९९, २००२ आणि २००५मध्ये जिंकला. नॉर्वेच्या अलेक्झांडर क्रिस्टोफने २०१४, २०१६, २०१७ आणि २०१८ अशी चार विजेतेपदे मिळवली.

संकटे एकामागून एक

१९९७मध्ये यान उलरिशने टूर द फ्रान्स जिंकली आणि जर्मनीत सायकलिंगची लाट आली. दहा वर्षांत ती ओसरली. उत्तेजक द्रव्यांची प्रकरणे बाहेर येऊ लागली. खुद्द त्साबेलने २००७मध्ये उत्तेजक घेऊन पाहिल्याची कबुली दिली आणि २०१३मध्ये ते अनेक वर्षे चालू असल्याचे मान्य केले. २००७मध्ये जर्मनीच्या सार्वजनिक वाहिन्यांनी टूर द फ्रान्सचे थेट प्रक्षेपण मध्येच थांबवले. देशाची स्वतःची बहुदिवसीय ‘डॉइचलांड टूर’ २००८नंतर बंद पडली आणि तिला पुन्हा सुरू व्हायला २०१८ उजाडावे लागले.

त्याच २००८मध्ये हेनिंगरच्या नावाने होणारी शर्यतही संपली. पुरस्कर्ता नाही आणि खेळाचे नाव खराब, अशा वेळी ही शर्यत बंद पडली असती तरी कुणाला नवल वाटले नसते. पण फ्रँकफर्टला लागून असलेले एशबोर्न हे छोटे शहर पुढे आले. तिथे बँका आणि वित्तसंस्थांची कार्यालये आहेत. २००९मध्ये शर्यत नव्या नावाने, त्याच तारखेला पार पडली. जुना मनोरा २०१३मध्ये पाडण्यात आला. त्याच जागी आता त्याची आठवण करून देणारी १४० मीटर उंच निवासी इमारत आहे.

२०१५मध्ये शर्यतीच्या आदल्या दिवशी वेगळाच घाला आला. मार्गाजवळच्या ओबरउर्झेल गावात पोलिसांनी एका दांपत्याला अटक केली आणि घरात पाइप बॉम्ब सापडला. शर्यतीवर हल्ल्याचा बेत असावा या संशयावरून ती रद्द झाली. पुढे न्यायालयात हल्ल्याचा कट सिद्ध झाला नाही, स्फोटके आणि शस्त्रे बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. पण मोकळ्या रस्त्यावर, तिकिटाशिवाय पाहता येणारा खेळ किती असुरक्षित असू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. मैदानाला दरवाजे असतात, दोनशे किलोमीटरच्या रस्त्याला नसतात. पुढच्या वर्षी १ मेला शर्यत पुन्हा झाली. करोनामुळे २०२०ची शर्यत रद्द झाली आणि २०२१ची सप्टेंबरमध्ये घ्यावी लागली.

दरम्यान २०१७पासून तिला ‘वर्ल्ड टूर’ या सर्वोच्च श्रेणीत स्थान मिळाले. आयोजनही टूर द फ्रान्स भरवणाऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेले.

टिकण्याचे कारण काय?

पहिले कारण तारीख. सुट्टीच्या दिवशी कार्यालये बंद, रस्त्यावर गर्दी कमी, प्रशासनाला रस्ते अडवणे सोपे. लोकही ती तारीख गृहीत धरतात. दुसरे कारण रस्ता. शर्यत ज्या गावांतून जाते, तिथल्या लोकांना ती आपली वाटते. कोणत्या चढावर उभे राहायचे, हे आजोबांकडून नातवापर्यंत ठरलेले असते. तिसरे कारण सहभाग. त्याच दिवशी हौशी सायकलस्वारांसाठी आणि तरुणांसाठीही शर्यती होतात. त्यामुळे प्रेक्षकांतले अनेक जण स्वतःही सायकल चालवून आलेले असतात.

आपल्याकडे या शर्यतीची आठवण करून देणारी स्पर्धा म्हणजे मुंबई-पुणे सायकल शर्यत. तीही अनेक दशकांची. तिचा निर्णायक भाग खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट, जवळपास पाचशे मीटरचा चढ. तिथे सरस ठरणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या सायकलपटूंना अंतिम विजयाइतकाच प्रिय. पण या शर्यतीत अनेकदा खंड पडला. पुरस्कर्ता शोधा, वर्दळीचा महामार्ग मोकळा करून घ्या, पोलिस बंदोबस्त मिळवा, ही खटपट प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते.

खंडाचा फटका बसतो तो खेळाडूंना. पुढच्या वर्षी अमुक दिवशी शर्यत आहे, हे माहीत असेल तर खेड्यातला मुलगा वर्षभर त्यासाठी सराव करतो आणि घरचेही सायकलवर खर्च करायला तयार होतात. तारीखच नसेल, तर सराव कशासाठी करायचा? चढ आपल्याकडे भरपूर आहेत. जव्हार-मोखाड्यापासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीत घाटांची कमी नाही. कमी आहे ती दरवर्षी न चुकता येणाऱ्या एका दिवसाची. फ्रँकफर्टकरांनी तो दिवस धरून ठेवला आणि बाकी सगळे बदलू दिले.