गोचिडीचा ताप आणि रुग्णसेवा

गुरांच्या गोचिडीपासून होणारा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप माणसापासून माणसासही होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलट गावची एक स्त्री या तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदान केले. भारतात हा रोग प्रथमच निश्चित झाला.

रोगबीज रुग्णाच्या रक्तात व अन्य स्रावांत असते. ते जखमेतून, डोळ्यांतोंडावाटे किंवा वापरलेल्या सुईने दुसऱ्याच्या शरीरात शिरते. मग ताप येण्यास साधारण ५-६, क्वचित १३ दिवस लागतात. मृतदेहापासूनही धोका असतोच. म्हणून रुग्णास टाकू नये; मात्र हातमोजे व मुखपट्टीवाचून त्याच्या रक्तास शिवू नये.