रंगीत पानाचा खरा भाव

रंगीत लेझर प्रिंटरमध्ये टोनरची चार कार्ट्रिज असतात: सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा. पानावर दिसणारा प्रत्येक रंग या चौघांच्या बारीक ठिपक्यांतून जमून येतो, म्हणून चारपैकी एक जरी संपला तरी रंगीत छपाई अडते. घरासाठी किंवा लहान कार्यालयासाठी घेतलेल्या अनेक यंत्रांच्या बाबतीत चार नव्या ओरिजिनल कार्ट्रिजची एकत्रित किंमत मूळ प्रिंटरच्या किमतीला टेकते, कधी तिच्याही पुढे जाते.

टोनर ही द्रवरूप शाई नसते. ती प्लास्टिकची भुकटी असते आणि तिचा कण साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यात रंगद्रव्य, मेण आणि विद्युतभार धरून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. लेझरचा किरण ड्रमवर अक्षराची किंवा चित्राची अदृश्य विद्युत प्रतिमा उमटवतो, भुकटी तिथे चिकटते, तिथून पट्ट्यावर आणि मग कागदावर येते. शेवटी तापलेल्या रोलरखाली वितळून कागदात घट्ट बसते. चारही रंगांचे कण आकाराने आणि विद्युतभाराने सारखे नसतील तर रंग बिघडतात. पूर्वी प्लास्टिक दळून ही भुकटी करत. आता बरीचशी भुकटी रासायनिक प्रक्रियेने, कण हव्या त्या आकाराला वाढवून तयार केली जाते. या तंत्राला खर्च येतोच, पण कार्ट्रिजची किंमत केवळ त्याने ठरत नाही.

किमतीचे मोठे कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. प्रिंटर कमी नफ्यावर विकायचा आणि कमाई पुढे कार्ट्रिजमधून काढायची, ही या धंद्याची जुनी रीत. कॅननने १९८२ साली छोट्या कॉपियरसाठी ड्रम आणि टोनर एकाच डब्यात बसवले. डबा बदलला की यंत्राचा झिजणारा भाग आपोआप नवा होई आणि तंत्रज्ञाला बोलवावे लागत नसे. १९८४ साली आलेल्या एचपी लेझरजेटमध्ये कॅननचेच इंजिन होते. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण अशा कार्ट्रिजमध्ये भुकटी संपताच चांगला चालणारा ड्रमही फेकला जातो आणि त्याचे पैसे ग्राहक पुन्हा भरतो. ड्रम वेगळा असलेल्या यंत्रात टोनर स्वस्त पडतो, मात्र काही हजार पानांनंतर ड्रमचा खर्च वेगळा येतो.

नव्या प्रिंटरसोबत पुष्कळदा ‘स्टार्टर’ कार्ट्रिज मिळते. त्यात भुकटी कमी भरलेली असल्याने पहिली मोठी खरेदी अपेक्षेआधीच करावी लागते. खोक्यावर छापलेली पानांची संख्याही नीट समजून घ्यायला हवी. ती बहुधा आयएसओच्या १९७९८ क्रमांकाच्या मानकानुसार काढलेली असते: ठराविक पाच पाने सलग छापत राहायचे, आणि त्या पानांवर प्रत्येक रंगाने सरासरी ५ टक्के जागा व्यापलेली. समजा, एक कार्ट्रिज ५,००० रुपयांचे आहे आणि ते १,२५० पाने देते. एका रंगाचा खर्च पानामागे ४ रुपये, चारही रंगांचा १६ रुपये. त्याच पानावर मोठे छायाचित्र घेतले आणि प्रत्येक रंगाने २० टक्के जागा व्यापली, तर तेच पान ६४ रुपयांना पडते. शाळेचे प्रकल्प, मेनूकार्ड, जाहिरातीची पत्रके यांचा हिशेब या दुसऱ्या आकड्याजवळचा असतो.

काहीही रंगीत न छापता रंग संपतो, ही तक्रारही खोटी नाही. यंत्र सुरू होताना आणि ठराविक पानांनंतर ते रंगांची जुळणी तपासते. त्यासाठी पट्ट्यावर भुकटीचे ठिपके टाकते आणि पुसून टाकाऊ डब्यात सोडते. वरचेवर बंद-चालू केलेला प्रिंटर म्हणूनच जास्त टोनर खातो. एकेक पान सुटे छापले तर प्रत्येक वेळी रोलर आधी आणि नंतर रिकामे फिरतात. काही यंत्रे उरलेली भुकटी मोजतच नाहीत. रोलरचे फेरे मोजून कार्ट्रिज संपल्याचे जाहीर करतात. अशा यंत्रात छपाई पुढे चालू ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो निवडावा आणि पान फिके दिसेपर्यंत छापत राहावे.

दुसऱ्याने बनवलेले किंवा पुन्हा भरलेले कार्ट्रिज प्रिंटरला ओळखता यावे म्हणून कार्ट्रिजवर चिप असते. अमेरिकेत या चिपवरून लेक्समार्क आणि स्टॅटिक कंट्रोल या कंपन्यांत खटला चालला. २००४ साली अपील न्यायालयाने लेक्समार्कला मिळालेला मनाई हुकूम रद्द केला. पुढे ३० मे २०१७ रोजी लेक्समार्कच्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या कंपनीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कार्ट्रिज एकदा विकल्यावर पेटंटच्या जोरावर त्याचा पुनर्वापर रोखता येत नाही. हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा आणि रास्तच होता. तरीही प्रिंटरचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कालपर्यंत चाललेली चिप आज नाकारली जाणे थांबलेले नाही.

मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत रिफिल करून देणारी दुकाने आहेत. कारागीर कार्ट्रिज उघडतो, ड्रमवर उजेड पडू नये म्हणून तो झाकून ठेवतो, जुनी भुकटी झटकतो, ब्लेड पुसतो, बाटलीतली नवी भुकटी भरतो आणि चिप बदलतो. काळ्या टोनरला हे सहसा मानवते. रंगीत टोनर जास्त हट्टी: भुकटी त्याच मॉडेलची नसेल तर त्वचेचा रंग पिवळट येतो, कडांना सावल्या पडतात किंवा अक्षर बोटाने पुसले जाते. भुकटी कपड्यावर सांडली तर झटकून थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती वितळून धाग्यात बसते.

प्रिंटर घेण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या चारही कार्ट्रिजचे भाव आणि पानांची संख्या विचारून पानाचा दर काढणे हा सर्वांत उपयोगी उपाय. जास्त क्षमतेचे कार्ट्रिज महाग दिसते, पण पान बहुधा स्वस्त पडते. छपाईची मूळ सेटिंग काळ्या रंगावर ठेवावी. छायाचित्रेच जास्त छापायची असतील तर इंक टँक प्रिंटर परवडतो; क्वचित छापणाऱ्याला मात्र लेझर बरा, कारण भुकटी वाळत नाही.

रिकामे कार्ट्रिज कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. भारतातील ई-कचरा नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. त्यामुळे ते कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावे.