पावसाळ्यात भिंगाला जपा!

खाडीकाठच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्याही वर जाते. येऊरला किंवा दुर्गाडीला छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी मंडळींच्या भिंगाचा खरा शत्रू ही दमट हवाच; पाऊस निदान दिसतो तरी. आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ६५ टक्क्यांहून अधिक राहिली की काचेवर बुरशी धरू लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू पसरतात आणि त्यांतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात. मग भिंग पुसूनही डाग राहतातच.

चामड्याची देखणी बॅग ओलावा धरून ठेवते. त्यापेक्षा हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या उत्तम. नारिंगी खडे हिरवे पडले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. निळे खडे मात्र टाळावेत, त्यांत कोबाल्टचे विषारी संयुग असते.

वातानुकूलित मोटारीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये. थंड काचेवर बाहेरच्या हवेतील बाष्प तत्काळ साचते. अर्धा तास तो बॅगेतच राहू द्यावा.

बुरशीला अंधार मानवतो. मोबाइल हाती आल्यापासून कपाटात पडून राहिलेल्या महागड्या कॅमेऱ्यांनाच म्हणून तिची बाधा अधिक होते.