नेरूळच्या मैदानावर मोलाची रुजवात

फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावाची फर्द पुढ्यात ठेवून नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावरील सामने पाहावयाचे, आणि प्रत्येक नावापुढील रकमेशी प्रत्यक्ष दिसलेल्या खेळाची रुजवात घालावयाची, असा एक निरुपद्रवी उद्योग मी त्या मार्चात आरंभिला होता. प्रत्येक संघाच्या खजिन्यात 12 कोटी रुपये व घ्यावयाचे खेळाडू पंधरा ते अठरा, म्हणजे एका नावावर मन जडले की अखेरच्या जागांसाठी हात आखडणे क्रमप्राप्तच. आणि माझ्या मते संघाच्या पारखीची परीक्षा होते ती यादीच्या या शेपटाशीच, कारण कोटीची खेळाडू कोणालाही दिसते, दहा लाखांची दिसण्यासाठी मात्र कोणीतरी आडबाजूच्या मैदानांवर उन्हातान्हात बसलेले असावे लागते.

4 मार्चच्या उद्घाटनाच्या सामन्यात मुंबईच्या 207 धावांना उत्तर देताना गुजरातचा डाव 64 धावांत आटोपला, आणि त्यांतील चार बळी अवघ्या 11 धावांत टिपले ते 10 लाख या मूळ किमतीलाच मिळालेल्या बंगालच्या सायका इशाक या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने. परंतु बळींचा आकडा धावफलकही सांगतो. चौकार बसल्यावर गोलंदाज चेंडूचा वेग वाढवून सूड उगवू पाहते की धीराने त्याच टप्प्यावर परत येते, फलंदाज पुढे सरसावताच चेंडूची लांबी किती अखेरच्या क्षणी बदलते, आणि षटक संपल्यावर कर्णधाराकडे पाहते की प्रेक्षकांकडे, या बाबी कोणत्याही कोष्टकात नोंदल्या जात नाहीत. यांपैकी शेवटची पोरकट वाटण्याचा संभव आहे; मी तिला बरेच वजन देतो.

यादीच्या मस्तकावर 3 कोटी 40 लाखांना बंगळूरकडे गेलेली सांगलीची स्मृती मानधना होती. तिच्या आठ डावांत 149 धावाच झाल्या, संघ पहिले पाचही सामने हरला, आणि शेजारच्या गृहस्थांनी "अहो, पैसे पाण्यात गेले बघा!" असा निकाल देऊन टाकला. ऑफस्पिनपुढील तिचा दोष ढळढळीत होता खरा. तथापि एका हंगामाच्या दोषावरून खेळाडूस मोडीत काढणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून तिचा रकाना मी कोराच ठेवला. पुढल्याच वर्षी तिच्या नेतृत्वाखाली बंगळूरने विजेतेपद पटकावले.

सर्व कोष्टकांची खरी पंचाईत झाली ती याच मैदानावर, 2 नोव्हेंबर 2025 रोजी. महिला विश्वचषकासाठीच्या भारताच्या मूळ चमूत शफाली वर्माचे नाव नव्हते. प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळे ऐनवेळी बोलावलेल्या या मुलीने अंतिम सामन्यात 87 धावा काढून दोन बळीही घेतले. म्हणून निवड समिती चुकली, असा निवाडा देण्यास मात्र मी धजत नाही, कारण काही दिवसांपूर्वी याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध प्रतिकाने शतक ठोकले होते, आणि तिला वगळण्याची शिफारस माझ्या वहीतूनही निघाली नसती.